‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ : एका ध्रुवप्रवासग्रंथाचें परीक्षण

प्रस्तुत ग्रंथ इ. स. १९२२ सालीं लंडन येथें कॉन्स्टेबल मंडळीनें दोन भागांत प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ता अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड हा कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३ च्या दक्षिणध्रुव-मोहिमेंतील एक तरुण सभासद होता. शंभर वर्षें उलटून गेलेल्या ह्या इंग्रजी ग्रंथाचें परीक्षण आपल्या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी शंका वाचकांस येईल. ध्रुव म्हटला कीं आपल्याकडे लो. टिळकांचा १९०३ सालचा वेदविषयक ग्रंथ आठवतो; पण तो विषय उत्तरेचा व शब्दप्रमाणाचा. येथील विषय दक्षिणेचा व प्रत्यक्ष वस्तूंचा आहे. तरीहि साधनें कशीं मिळवावीं, कशीं जपावीं व कशीं तोलावीं, ह्याविषयीं जो बोध ह्या ग्रंथांतून निघतो तो दप्तरें धुंडाळणाऱ्या आपणां सर्वांस जवळचा आहे.

मोहिमेची कथा सर्वश्रुत आहे. स्कॉट व त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोंचले. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजींच तेथें येऊन गेला होता. परततांना पांचहि जण मरण पावले. त्यांचा तंबू व त्यांतील कागदपत्र १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं शोधपथकास सांपडले. चेरी-गॅरार्ड त्या पथकांत होता. मोहिमेच्या समितीनें त्यास अधिकृत वृत्तांत लिहिण्यास सांगितलें होतें. पण समितीस रुचेल असें लिहिणें व स्वतःस सत्य वाटेल तें लिहिणें ह्या दोहोंचा मेळ बसेना. अखेर ग्रंथ त्यानें स्वतःच्या जबाबदारीवर काढला.

ग्रंथाचा पहिला गुण हा कीं, तो स्मरणावर विसंबून लिहिलेला नाहीं. विल्सनची रोजनिशी, बॉवर्सचीं आईस लिहिलेलीं पत्रें व स्वतःचीं टिपणें ह्यांची जुळणी करून कर्ता प्रसंग उभे करतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट लॅश्लीच्या रोजनिशीची. लॅश्ली हा आगबोटीच्या भट्टीवरचा माणूस. शेवटच्या परतणाऱ्या तुकडींत लेफ्टनंट इव्हान्स स्कर्व्हीनें मरणोन्मुख झाला असतां लॅश्ली व क्रीन ह्यांनीं त्यास ओढून आणलें. हा वृत्तांत कर्त्यानें स्वतःच्या भाषेंत न सांगतां लॅश्लीच्याच शब्दांत विस्तारानें छापला आहे. सरदाराच्या बखरीपेक्षां कारकुनाची यादी कित्येकदां अधिक बोलते, हें आपण जाणतोंच.

स्कॉटच्या रोजनिशीच्या बाबतींत मात्र कर्ता तितका दक्ष नाहीं. तिचे उतारे तो मुख्यतः १९१३ च्या मुद्रित ग्रंथावरून घेतो. त्या मुद्रणांत मूळ हस्तलिखितांतील कित्येक वाक्यें गाळलेलीं व कांहीं सौम्य केलेलीं होतीं. ते भेद २००५ सालच्या ऑक्सफर्डच्या आवृत्तींत परिशिष्टरूपानें दिलेले आहेत. जो मनुष्य मूळ वह्या तंबूंतून निघाल्या तेव्हां हजर होता, त्यानें मूळ व मुद्रित ह्यांतील अंतराविषयीं वाचकांस सावध करावयास हवें होतें.

ग्रंथाचें नांव ध्रुवाच्या प्रवासावरून पडलेलें नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो ‘सर्वांत वाईट प्रवास’ म्हणजे २७ जून ते १ ऑगस्ट १९११ ह्या काळांत, दक्षिणेकडील अखंड रात्रींत, विल्सन, बॉवर्स व स्वतः कर्ता ह्यांनीं केप क्रोझियरपर्यंत केलेली सुमारें ६७ मैलांची वाटचाल व तितकाच परतीचा मार्ग. हेतु एकच : एम्परर पेंग्विन पक्ष्याचीं अंडीं आणणें. गर्भाच्या वाढींत त्या जातीचा पूर्वेतिहास दिसतो, असें त्या वेळीं कित्येक शास्त्रज्ञ मानीत. म्हणून ह्या गर्भावरून पक्ष्यांच्या उत्पत्तीचा उलगडा होईल अशी विल्सनची आशा होती. थंडी उणे साडेसत्त्याहत्तर अंश फॅरनहाइटपर्यंत गेली, तंबू वादळांत उडाला व दैवयोगानें पुन्हा सांपडला. पांच अंड्यांपैकीं दोन फुटलीं, तीन आलीं. हें प्रकरण कोणत्याहि भाषेंतील प्रवासवर्णनांत वरच्या पंक्तीस बसेल.

पुढें १९१३ सालीं चेरी-गॅरार्ड तीं अंडीं घेऊन लंडनच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांत गेला. तेथील अधिकाऱ्यांनीं त्यास ताटकळत ठेवलें. तो पोच मिळेपर्यंत हलेना. ही हकीगत त्यानें नाटकांतील संवादासारखी रचली आहे, म्हणून तिच्या प्रत्येक शब्दावर पुरावा म्हणून भार टाकतां येणार नाहीं. पण ज्यानें पोचेची वाट पाहिली आहे त्यास तिच्या खरेपणाची शंका येणार नाहीं. प्रस्तुत लेखकानें पूर्वीं एका देशपांडे घराण्याचा कागदांचा रुमाल एका संस्थेच्या स्वाधीन केला. पोच मागण्याचा संकोच वाटला. तीन वर्षांनीं चौकशी केली तेव्हां असा रुमाल नोंदवहींत नाहीं, असें उत्तर आलें. ज्या घरानें विश्वासानें कागद दिले त्या घरीं पुन्हा तोंड दाखविण्याचें धैर्य मला झालेलें नाहीं. देणाऱ्यास पोच देणें हा उपकार नव्हे, संस्थेचा धर्म आहे.

आतां ग्रंथाच्या मुख्य दोषाकडे वळूं. अंड्यांचें मोल कर्ता त्यांसाठीं सोसलेल्या हालांवरून ठरवितो. ग्रंथ निघाला तेव्हां त्यांचा अंतिम निर्णय लागलेला नव्हता. तो अहवाल १९३४ सालीं आला, आणि पक्ष्यांच्या उत्पत्तीवर त्यांतून फारसा प्रकाश पडला नाहीं. उलट, ८ फेब्रुवारी १९१२ रोजीं, ध्रुवावरून परततांना, बियर्डमोर हिमनदीच्या कांठीं बकली पर्वताच्या पायथ्याशीं विल्सननें कांहीं दगड वेंचले व स्थळाची नोंद केली. शोधपथकास घसरगाडीवर ते सुमारें पस्तीस पौंड दगड मिळाले. ग्रंथांत त्यांचा आदरानें उल्लेख आहे. पण अंड्यांस जें विस्तीर्ण प्रकरण लाभलें त्याच्या मानानें दगडांस फारच थोडी जागा मिळाली.

त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. १९१४ सालीं सीवर्डनें त्यांचें वर्णन प्रसिद्ध करून त्यांत ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’ ही जात ओळखली. इंडिका म्हणजे हिंदुस्थानची. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं त्या प्रांतांत जमविलेल्या वनस्पतींच्या ठशांचें वर्णन १८६१ सालींच लंडनमध्यें छापलें गेलें होतें. त्यांतहि ग्लॉसॉप्टेरिस आहे. आपल्या दगडी कोळशाच्या थरांस गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ हें नांव मिळालें, आणि दक्षिणेकडील भूखंडें एके काळीं जोडलेलीं होतीं ह्या मतास ध्रुवाजवळच्या ह्या पानानें बळकटी आली. कामठीचा दगड व बकलीचा दगड एकमेकांशेजारीं ठेवतां आले, कारण दोन्ही कोठें सांपडले हें वेंचणाऱ्यांनीं लिहून ठेवलें होतें. ही नोंद नसती तर दोन्ही दगड मुके राहते.

हिंदुस्थानाशीं ह्या मोहिमेचे दुवे इतकेच नाहींत. बॉवर्स हा रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी. ओट्सची पलटण महूच्या छावणींत होती. हवामानशास्त्रज्ञ सिम्प्सन हिंदुस्थानच्या हवामानखात्यांतून आला होता, आणि मोहिमेच्या हवामानाचा त्याचा ग्रंथ १९१९ सालीं कलकत्त्यास थॅकर, स्पिंक ह्यांनीं छापला. ज्या पथकानें तंबू शोधला त्यांतील सामान हिंदुस्थानांतून पाठविलेल्या खेंचरांनीं ओढलें. लाल खान, गुलाब, बेगम हीं त्यांचीं नांवें ग्रंथांत वाचून आपल्या वाचकास कौतुक वाटेल. जुन्या पुस्तकांच्या बाजारांत सिम्प्सनचा ग्रंथ दिसल्यास संग्राहकांनीं तो सोडूं नये.

एक नाजूक मुद्दा उरतो. ३ मार्च १९१२ च्या रात्रीं चेरी-गॅरार्ड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन वन टन कोठारापाशीं पोंचला व १० मार्चपर्यंत थांबून परतला. स्कॉटचा शेवटचा तंबू ह्या कोठारापासून ११ मैलांवर सांपडला. कुत्र्यांस जपण्याची आज्ञा, त्यांच्या खाद्याचा अभाव, वादळें, स्वतःची अधू दृष्टि, हीं सर्व कारणें त्यानें मांडलीं आहेत आणि तीं खोटीं नाहींत. तथापि ह्या भागांत तो एकाच वेळीं साक्षीदारहि आहे व आरोपीहि. येथें वाचकानें त्याचीं कारणें व तारखा वेगवेगळ्या करून वाचाव्यात. तारखा त्यानें लपविलेल्या नाहींत, ही त्याच्या सचोटीची खूण होय.

सारांश, ज्या वस्तूसाठीं तिघांनीं मरण जवळून पाहिलें तिनें शास्त्रास थोडें दिलें, आणि जी वाटेंत वेंचली तिनें पुष्कळ. वेंचणाऱ्यास हें आधीं कळत नाहीं, आणि ते दिवस जगलेल्या चेरी-गॅरार्डला तें दहा वर्षांनींहि कळलें नाहीं. म्हणून संग्राहकाचें काम एवढेंच कीं, वस्तु कोठें, केव्हां व कोणाकडून मिळाली तें लिहावें, तीस सुरक्षित पोंचवावें आणि पोच घ्यावी. मोल पुढचे ठरवितील. ह्या दृष्टीनें हा ग्रंथ आपल्या प्रत्येक सभासदानें एकदां तरी वाचावा, अशी आमची शिफारस आहे.