‘चार प्रवाह’ आणि जुने सामान

केंद्र शासनाच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांतील एक वाक्य भाषिक दृष्ट्या तपासण्याजोगे आहे. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्याने तो ‘चार प्रवाहांत’ विलग करावा, असे सांगून ते काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक, विटा व गिलावा अशी यादी देते. स्वल्पविराम प्रमाण मानल्यास वर्ग पाच होतात. आकडा प्रमाण मानल्यास पोलाद, लाकूड आणि प्लॅस्टिक एकाच ढिगात जातात. ‘जसे की’ या शब्दांमुळे यादी केवळ उदाहरणादाखल ठरते, हा बचाव लंगडा होय. संख्या निश्चित सांगितल्यावर तिला वाव उरत नाही.

भोर-वेल्ह्याकडे जुने घर उतरविताना निघालेली सागाची तुळई, घडीव चिरा, शाबूत कौल यांस कोणी कचरा म्हणत नाही. ते ‘जुने सामान’. उरतो तो राडारोडा. बोलीने केलेला हा भेद नियमाच्या व्याख्येने पुसला, कारण तिच्या लेखी इमारती साहित्यही कचराच. शिवाय यादीत दगड नाही! सह्याद्रीच्या कुशीत ही उणीव विशेष खटकते.

२०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यांतील विस्तारित उत्पादक-जबाबदारी २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामाच्या प्रकल्पांवर आहे. भोरच्या पेठेतील वाडा या मापात बसणे कठीण.