देवाचा दरबार आणि आपली दोन कपाटे

साताऱ्याहून निघालेला रस्ता कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड करीत पंढरपुराला जातो. माणदेशाच्या कोरड्या माळांमधून जाणारा हा रस्ता नामाचा आणि वारीचा आहे. गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांनी १९१३ मध्ये देह ठेवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, याच रस्त्याच्या साताऱ्याकडच्या टोकाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उघडला. दोघांचे उपास्य वेगळे होते. पण शास्त्रार्थापेक्षा नाम, अधिकारापेक्षा शरणागती आणि पोथीपेक्षा प्रेम ही परिभाषा दोघांनाही एकाच परंपरेने दिली होती. टिळकांकडे या बाजूने पाहिले, तर ख्रिस्ती पुनरुज्जीवनाचा प्रश्न केवळ चर्चच्या इतिहासाचा राहत नाही. तो मराठी भक्तिकाव्याच्या इतिहासाचाही होतो.

‘पुनरुज्जीवन’ म्हटले की एक ठरलेले चित्र डोळ्यांपुढे येते. समाज धर्मापासून दूर चालला आहे, कोणी प्रवक्ता उभा राहतो आणि लोकांना परत हाक घालतो. टिळकांच्या बाबतीत हे चित्र लागू पडत नाही. त्यांना जाणवलेला गारठा बाहेरच्या नास्तिकांचा नव्हता, तो घरातला होता. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा बराच काळ अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेला. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. मिशनच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांचे मोल त्यांना ठाऊक होते. पण ज्या व्यवस्थेत उपदेशक पगारी होतो आणि मंडळी साहेबाच्या तोंडाकडे पाहू लागते, तिथे श्रद्धेची नोकरी होते. संस्था जितकी कार्यक्षम, तितका देव कार्यालयीन. आपण ज्याला धर्माचे ऐहिकीकरण म्हणतो, ते अशा रीतीने धर्मसंस्थेच्या पोटातच सुरू होऊ शकते. टिळकांनी पगार सोडला आणि संन्यास घेतला, तो या जाणिवेतून.

दरबाराचे खरे धाडस पुढेच आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही कुंपणाची रेघ. ती पुसट करणे म्हणजे घराची भिंतच हलवणे. जातिबद्ध समाजाच्या दृष्टीने बाप्तिस्मा म्हणजे आपल्या माणसांतून उठून जाणे. त्याची किंमत टिळकांनी स्वतः मोजली होती. त्यांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणून दरबाराचे उघडे दार मला केवळ धर्मशास्त्रातला उदार विचार वाटत नाही. दुभंगलेल्या घराचा अनुभव त्यामागे असावा, असे वाटते.

याच्या शेजारी केडगावचे मुक्तिसदन ठेवून पाहावे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमात प्रार्थनेची मोठी लाट उसळली. पापाची कबुली, रडणे, रात्रंदिवस चाललेल्या प्रार्थना असे तिचे स्वरूप होते. आदल्या वर्षी वेल्समध्ये झालेल्या जागृतीच्या वार्तेने तिथली मने तयार झाली होती. मुक्तिसदनातले पुनरुज्जीवन सामूहिक आणि उत्कट, टिळकांचे एकांतिक आणि गेय. पण दोन्हींची अखेरची कमाई मराठी भाषेत जमा झाली. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांना नको होते, कारण शब्दाबरोबर जुना अर्थही आत येतो. टिळकांनी नेमके उलट केले. त्यांनी जुने अर्थ हाका मारून बोलावले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्त त्यांच्या अभंगांत माय आणि गुरू होऊन येतो. एकीला भाषा शुद्ध हवी होती, दुसऱ्याला ती ओळखीची हवी होती. दोन्ही भूमिकांत धोका आहे आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

आता साताऱ्याच्या बाजूने पाहू. या जिल्ह्यात सत्यशोधक विचार खोल रुजला. भटाशिवाय लग्न लागू शकते, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल लागत नाही, हे त्याने गावोगाव पोहोचवले. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्याच वर्षी कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम उभे करणारे नरेंद्र दाभोलकरही साताऱ्याचेच. या परंपरेला धर्मविरोधी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु जोतीरावांचा ‘निर्मिक’ विसरता येत नाही. मधला माणूस हटवा, ही मागणी सत्यशोधकांचीही होती आणि पगार सोडणाऱ्या टिळकांचीही. फरक त्यानंतरचा आहे. सत्यशोधकांनी मोकळी झालेली जागा शाळेला, समतेला, विवेकाला दिली. टिळकांना त्या जागी भेट हवी होती. ऐहिकता आणि भक्ती इथे शत्रू म्हणून समोरासमोर उभ्या नाहीत. एकाच तक्रारीची ही दोन उत्तरे आहेत.

दरबार टिळकांबरोबर ओसरला. प्रश्न आहे तो आपण त्यांचे काय केले याचा. मराठी वाचकाने टिळक दोन कपाटांत वाटून टाकले. एका कपाटात ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारे, फुलांमुलांचे कवी. हे कपाट पाठ्यपुस्तकांचे आणि समीक्षकांचे. दुसऱ्यात ‘अभंगांजली’ आणि ‘उपासनासंगीता’तली गीते, त्याची किल्ली चर्चकडे. ‘स्मृतिचित्रे’ही आपण असेच वाचले. लक्ष्मीबाईंच्या विनोदावर मनसोक्त हसलो आणि त्यांची प्रार्थना हळूच ओलांडून गेलो. तुकाराम आस्तिक-नास्तिक सारे वाचतात. टिळकांच्या भक्तीला मात्र आपण ‘त्यांची’ म्हणतो. आपल्या साहित्यव्यवहाराची ऐहिकता इथे कमी पडते. ती सर्व धर्मांपासून सारख्या अंतरावर नाही. बहुसंख्यांची भक्ती तिला संस्कृती वाटते आणि अल्पसंख्यांची भक्ती धर्मप्रचार.

यावरचा उपाय सरसकट गौरव हा नव्हे. टिळकांच्या अभंगांत उणेपण आहे. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला दिवाळखोर ठरवतात, मग पायांवर पडतात. टिळक बहुधा थेट पायांवरच पडतात. भांडणाशिवाय आलेले समर्पण कधी कधी गोडगोड होते आणि परंपरेने दिलेले शब्द अनुभवाची जागा घेतात. पण जिथे ख्रिस्ताच्या यातना आणि ‘केवढे हे क्रौर्य’मधल्या घायाळ पक्षिणीची तडफड एकाच करुणेने पाहिलेली दिसते, तिथे दोन कपाटांमधली फळी आपोआप निखळते. बालकवितेतला कळवळा त्यांच्या भक्तीवाचून समजत नाही आणि ती भक्ती त्या कळवळ्यावाचून कोरडी राहते.

‘ख्रिस्तायना’चे सुमारे दहा अध्याय लिहून टिळक गेले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. एकेकाळी नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या, लेखनवाचनाचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या बाईने ओवीत ख्रिस्तचरित्र पुरे करावे, याहून मोठा पुरावा पुनरुज्जीवनासाठी कोणता हवा? दरबाराचे सभासद किती होते, हा हिशोब मिशनने करावा. एक विश्वास एका भाषेत किती खोल उतरला, हा हिशोब वाचकांचा आहे आणि तो आपण अजून मांडलेला नाही.