हरित पक्षांचं 'सहकार्य' : सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक सनद नीट वाचू या

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, विषय ठरवताना माणूस सगळ्यात जास्त कुठे फसतो? मी माझंच उदाहरण देते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, 'हरित राजकीय पक्षांमधील आंतरराष्ट्रीय सहकार्याचे बळकटीकरण : भारताच्या विशेष संदर्भात'. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "बळकटीकरण हा तुमचा विषय आहे की तुमची इच्छा?" मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं. दीड वर्ष गेलं त्यात. आज त्या शीर्षकाची आणि ते ज्या दस्तऐवजावर उभं केलं होतं त्याची झडती घेऊ या. तुमचं तरी दीड वर्ष वाचेल.

दस्तऐवज म्हणजे ग्लोबल ग्रीन्सची सनद. एप्रिल २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला सुमारे ७० देशांतले हरित पक्षांचे लोक जमले आणि त्यांनी ती मंजूर केली. तत्त्वं सहा : पर्यावरणाचं शहाणपण, सामाजिक न्याय, सहभागी लोकशाही, अहिंसा, शाश्वतता आणि विविधतेचा आदर. वाचून बघा, मान हलत राहते. संशोधकाने नेमकं इथेच थांबायचं असतं. ज्या वाक्याला कोणीच नाही म्हणत नाही, त्यावर सह्या किती झाल्या हे मोजून सहकार्य कळत नाही. मी मात्र तेच मोजलं. पुढची अधिवेशनं साओ पाउलो २००८, डकार २०१२, लिव्हरपूल २०१७, इंचॉन २०२३ असा तक्ता केला आणि 'सहकार्य उत्तरोत्तर वाढत आहे' असं लिहून मोकळी झाले. दोन अधिवेशनांत चार ते सात वर्षांचं अंतर आहे, हे माझ्याच तक्त्यात दिसत होतं. बघितलंच नाही.

आता सहकार्य खरोखर कुठे घट्ट आहे ते पाहा. युरोपात. २००४ मध्ये रोमला युरोपियन ग्रीन पार्टी स्थापन झाली. युरोपीय हरित लोक आपल्यापेक्षा जास्त प्रेमळ आहेत म्हणून हे घडलं का? नाही. तिथे युरोपीय संसद आहे, तिच्यात एकत्र बसायचा गट आहे, युरोपीय पातळीवरच्या पक्षाला सार्वजनिक निधी मिळतो. एकत्र येण्याला जागा आणि पैसा आहे. त्याही आधीची गोष्ट निवडणूक पद्धतीची. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत हरित पक्षाला ५.६ टक्के मतं पडली आणि २७ जागा मिळाल्या. आपल्याकडे एखाद्या पक्षाला प्रत्येक मतदारसंघात ५.६ टक्के मतं पडली तर? वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी, म्हणजे सगळीकडे डिपॉझिट जप्त. शिवाय परदेशी योगदान नियमन कायदा २०१०. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार राजकीय पक्षाला परदेशी पैसा घेता येत नाही. सहाव्या कलमानुसार पक्षाच्या पदाधिकाऱ्याला परदेशी पाहुणचारही केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. इंचॉनच्या अधिवेशनाचं तिकीट आयोजकांनी पाठवलं, तर आधी गृह मंत्रालयाकडे अर्ज. (परदेशी भांडवल असलेल्या कंपन्यांसाठी हाच कायदा २०१६ च्या वित्त विधेयकातून सैल झाला. हा स्वतंत्र विषय आहे, कोणीतरी घ्या.)

म्हणजे 'भारतात हरित पक्ष दुबळे, म्हणून सहकार्य दुबळं' हे माझं वाक्य अर्धवट होतं. पण त्याहून मोठी चूक वेगळीच होती आणि ती मला लायब्ररीत नाही, घराजवळ कळली.

मी मिरा रोडला राहते, बेव्हर्ली पार्कात. जवळच्या मिरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रो ९ चा पूल उभा राहिलाय. तिची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा या गावांच्या बाजूला ठरली. गावकऱ्यांनी घरं आणि शेतं जातील म्हणून विरोध केला. मग ती उत्तनजवळच्या डोंगरीला सरकली, आणि तिथे हजारो झाडांचा प्रश्न आला. यात हरित राजकारण आहे की नाही? आहेच. हरित पक्ष? शोधूनही सापडत नाही. गावकरी आहेत, संस्था आहेत, हरकती आहेत, कोर्ट आहे, आणि बाजू बदलत राहणारे नेहमीचेच पक्ष आहेत. मी 'पक्ष' हे एकक धरून बसले होते, म्हणून माझ्या खिडकीबाहेरचं माझ्या तक्त्यात शून्य भरत होतं.

खाडी ओलांडून वसईत जा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसई संरक्षण समिती. नावातच 'हरित'. बिल्डर, पाणी आणि वसईचा हिरवा पट्टा यांवरून तिने मोठं आंदोलन उभं केलं. पण ती समितीच राहिली. पुढे २००९ मध्ये गावं महापालिकेतून वगळण्याच्या प्रश्नावर विवेक पंडित अपक्ष आमदार झाले आणि २०१४ ला हरले. अपक्ष! चळवळ मतपेटीपर्यंत पोचली तरी पक्ष झाली नाही. सनदीची चौकट अशा चळवळीला कौतुकाने जागा देईल, पण मतदानाचा हक्क असलेली सदस्य म्हणून नाही, कारण तिथला मूळ घटक पक्ष आहे. माझी सनदीवरची टीका एवढीच आहे. सहभागी लोकशाही हे तत्त्व मानणाऱ्या संघटनेने सहभागाचं दार नोंदणीकृत पक्षाच्या मापाचं केलंय. दक्षिण आशियात या दारातून फार थोडे आत जातात.

मग सहकार्य तपासायचं कुठे? जिथे त्याची गरज पडली तिथे. आपल्याकडे ती जागा जैतापूर. डिसेंबर २०१० मध्ये सार्कोझी भारतात आले असताना फ्रेंच कंपनी अरेवाशी करार झाला. पुढचा बेत प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॉट. माडबनची जनहित सेवा समिती आणि साखरी नाटेचे मच्छीमार विरोधात उभे होते. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला. आता तारखा शेजारी ठेवा. मे २०१२ मध्ये पॅरिसमध्ये नवं सरकार आलं आणि त्यात हरित पक्षाचे दोन मंत्री होते, सेसिल द्यूफ्लो आणि पास्काल कांफां. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांद दिल्लीत आले आणि जैतापूरची बोलणी पुढे चालू राहिली. अणुभट्टी विकणाऱ्या देशाच्या मंत्रिमंडळात अणुविरोधी पक्ष, विकत घेणाऱ्या देशात आंदोलन, दोघांच्या वर अणुऊर्जा टप्प्याटप्प्याने बंद करा म्हणणारी एकच सनद. यापेक्षा स्वच्छ कसोटी मिळणार नाही.

इथे 'हरित पक्षाने दगा दिला' असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. त्या पक्षाने निवडणुकीआधी समाजवाद्यांशी केलेल्या समझोत्यात फ्रान्समधल्याच २४ अणुभट्ट्या बंद करण्याचा मुद्दा होता. सगळी सौदाशक्ती तिथेच खर्च झाली का, असा प्रश्न विचारता येतो. म्हणजे आघाडी सरकारात जाण्याची किंमत आंतरराष्ट्रीय सहकार्य चुकवतं का? हा प्रश्न तपासता येतो, कारण त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. 'बळकटीकरण'ला असं उत्तर येऊच शकत नव्हतं.

आणखी एक. 'हरित' हा शब्दही स्थिर धरू नका. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तिथला हरित पक्ष सत्तेत होता. त्याआधी वर्षभर, २०२२ मध्ये, फिनलंडच्या हरित पक्षाने अणुऊर्जेला शाश्वत मानलं. दोघेही एकाच युरोपीय पक्षात. साखरी नाटेच्या मच्छीमाराने यांतल्या कुठल्या हरिताला पत्र लिहायचं? तुमच्या साहित्य आढाव्यात 'हरित पक्षांची भूमिका' असं एकवचनी लिहिलं असेल तर तिथे लाल पेनने खूण करा.

कामाचं बोलायचं तर, साधनं दोन्ही टोकांची लागतात. एका टोकाला पर्यावरण जनसुनावणीची इतिवृत्तं, रत्नागिरीच्या स्थानिक दैनिकांच्या फायली, समितीची पत्रकं. दुसऱ्या टोकाला पॅरिसच्या संसदेतले प्रश्नोत्तरांचे वृत्तांत, जे ऑनलाइन असतात. सनद आणि अधिवेशनांचे ठराव मधे ठेवा, पुरावा म्हणून नको, तपासायची वस्तू म्हणून.

माझं नवं शीर्षक लांबलचक आहे : 'जैतापूर आंदोलन आणि फ्रेंच हरित पक्ष, २०१० ते २०१४ : सत्तासहभाग आणि सीमापार पाठिंबा यांचा अभ्यास'. समितीत त्याच मॅडम होत्या. या वेळी त्यांनी विचारलं, "फ्रेंच येतं?" सध्या ए-१ चा क्लास चालू आहे, शनिवार-रविवार, चर्चगेटच्या गाडीत क्रियापदं पाठ करत जाते.