नलोपाख्यानांतील सांत्वन

नलोपाख्यान म्हटलें कीं हंस, स्वयंवर आणि दमयंतीचा वनांतील विलाप एवढेंच बहुतेकांस आठवतें. ही कथा कोणीं, कोणास व कोणत्या प्रसंगीं सांगितली, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. १८१९ सालीं फ्रान्ट्स बॉप या जर्मन पंडितानें ती लॅटिन भाषांतरासह लंडनमध्यें छापली. तेव्हांपासून संस्कृत शिकणारांच्या हातीं ती बहुधा सुटीच पडत आली, हेंही त्याचें एक कारण असावें.

प्रसंग वनपर्वांतला आहे. अर्जुन अस्त्रें मिळविण्यास गेलेला, भीम ज्येष्ठ बंधूस द्यूताबद्दल बोल लावीत आहे, आणि अशा वेळीं बृहदश्व ऋषि येतात. माझ्याहून अधिक दुःखी राजा आपण कोठें पाहिला अथवा ऐकला आहे काय, असें युधिष्ठिर त्यांस विचारतो. ऋषि नलाची गोष्ट काढतात. त्यालाही द्यूतानेंच नागविलें. पण तुजजवळ भाऊ आहेत, द्रौपदी आहे, ब्राह्मण आहेत. तो एकटा होता!

दुसऱ्याचें मोठें दुःख पुढें करून समोरच्याचें लहान ठरविण्याची ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. मूल गेलेल्या घरीं समाचारास आलेली मंडळी "अमक्यांकडे तर दोन गेलीं" म्हणून सांगतात. हेतु वाईट नसतो. पण त्या आईचें एक मूल या हिशेबांत कोठें बसतें? दुःख हें कांहीं धान्य नव्हे, कीं शेजाऱ्याचें माप मोठें निघालें म्हणजे आपलें कमी भरावें. मग बृहदश्वांनींही हेंच केलें काय?

आमच्या मतें, सर्वस्वीं नाहीं. तुलना युधिष्ठिरानेंच मागितली होती. माझ्यासारखा दुःखी कोणी नाहीं, या म्हणण्यांत दुःखाबरोबर थोडा अभिमानही असतो, आणि धर्मराजही त्यांतून सुटला नाहीं. त्याचें उत्तर उदाहरणानेंच देतां येतें. शिवाय ऋषि माप दाखवून निघून जात नाहींत. नल ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो व राज्य परत जिंकतो. आणि कथा संपल्यावर, पुन्हा कोणी द्यूतास बोलावील ही युधिष्ठिराची भीति ओळखून ऋषि तीच विद्या त्याला देतात. कथेच्या संक्षेपांतून हा भाग बहुधा गळतो. तो गळला कीं राहतो तो समाचारास आलेल्या मंडळींचा उपदेश.

तथापि एक जागा आम्हांस अजून खुपते. द्रौपदी जवळ आहे, हें ऋषि सुदैव म्हणून मोजतात. परंतु तिला सभेंत ओढून नेलें, हें तर युधिष्ठिरानें आपल्या दुःखांतच सांगितलेलें असतें, आणि पणाला लावली होती त्यानेंच. जी रोज डोळ्यांसमोर असल्यानें जखम भरत नाहीं, तिलाच औषध म्हणून दाखविण्यांत ऋषींची नजर चुकली, असें आम्हांस वाटतें.

हा भाग शिकवितांना एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, "सर, हें सगळें ऐकून द्रौपदी काय म्हणाली?" आम्हीं पुस्तक पुन्हा चाळलें. त्या ठिकाणीं व्यासांनीं तिच्या तोंडीं एकही शब्द घातलेला नाहीं.