थेंबाचा हिशेब आणि विहिरीचा हिशेब

तालुका पातळीवरील विज्ञान प्रदर्शनांत पाण्याचा प्रकल्प नाही, असे आता सहसा घडत नाही. पुठ्ठ्याचा डोंगर, निळ्या रंगाने रंगवलेली नदी, गळक्या नळाचे चित्र आणि वर ‘थेंब थेंब वाचवा’ ही अक्षरे. ग्रामीण भागातील शाळा याच्या पुढे जातात. तेथे मुले शोषखड्डे खणतात आणि पावसाळा संपताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याबद्दल निर्णय दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. त्यामुळे विषयाला वेळापत्रकात जागाही मिळाली. हे सारे चांगलेच आहे. पण या प्रकल्पांतून मुले विज्ञान शिकतात का? परीक्षक म्हणून असे अनेक प्रकल्प पाहिल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, बहुतेक वेळा ती फक्त उपदेश पाठ करायला शिकतात.

गळक्या नळाचेच उदाहरण घेऊ. सेकंदाला एक थेंब गळतो असे मानू. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. म्हणजे चोवीस तासांत सुमारे सव्वाचार लिटर पाणी वाया गेले. नळ दुरुस्त करायलाच हवा, यात वाद नाही. आता मुलांना शेतातल्या विहिरीवर न्या. पंपाच्या पाइपाखाली दोनशे लिटरचे पिंप ठेवा आणि ते किती वेळात भरते ते घड्याळावर मोजा. छत्तीस सेकंद लागले, तर तो पंप तासाला वीस हजार लिटर पाणी उपसतो. तेवढे पाणी गळायला आपल्या नळाला साडेबारा वर्षांहून अधिक काळ लागेल!

आणखी एक पायरी पुढे जाऊ. एक एकर पिकाला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज पंचावन्न लिटर धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे एक लाख लिटर पुरते. म्हणजे एका एकराची एक पाळी ही दोन कुटुंबांच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याएवढी झाली. हे गणित सातवीच्या मुलाला येते. तरीही पाण्याच्या प्रकल्पात ते फारसे दिसत नाही. याचा अर्थ शेतीला पाणी देऊ नये असा मुळीच नाही. गावाच्या पाण्याचा मोठा हिस्सा कोठे जातो, हे मुलांना कळायला हवे, एवढाच आहे.

नळाचे चित्र एका दृष्टीने अन्यायकारकही आहे. जी मुलगी पहाटे डोक्यावर दोन हंडे आणून मग शाळेत येते, तिला पाणी जपून वापरायला कोणी शिकवण्याची गरज नसते. तिच्या हातात आपण ती घोषणा देतो, तेव्हा टंचाईचा दोष नकळत तिच्याच घरावर ठेवतो.

बंधाऱ्याच्या प्रकल्पाचे काय? बंधारा घालणे हे श्रमदान आहे, आणि श्रमदानाचे मोल वेगळे आहे. त्याचा विज्ञानाचा प्रकल्प व्हायचा, तर काम संपल्यावर मोजमाप सुरू झाले पाहिजे. समजा, पाण्याचा फुगवटा चाळीस मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल आहे. तेथे शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी उभे राहिले. एकराच्या एका पाळीच्या हे निम्मे! ओढा वाहता असेपर्यंत मुरलेल्या पाण्याची जागा नवे पाणी घेत राहते, म्हणून खरा लाभ यापेक्षा जास्त असतो. पण तो किती? ओढा आटल्यावर पाणी किती दिवस टिकले? जवळच्या विहिरीत फरक पडला का, आणि ओढ्यापासून दूर असलेल्या विहिरीतही तसाच पडला का? हे प्रश्न न विचारता ‘आमच्या बंधाऱ्यामुळे गावाची पाणीपातळी वाढली’ असे तक्त्यावर लिहिणे म्हणजे प्रयोग करण्याआधीच निष्कर्ष लिहिणे होय.

विहिरीकडे पाहायचे, तर पायाखालचा खडकही समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या, मऊ थरांत. साठ्याची जागा फार थोडी असते. खडकातून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्के धरले, तर पातळी एक मीटर चढण्यासाठी फक्त वीस मिलिमीटर पाणी मुरावे लागते. म्हणून आपल्या विहिरी पावसाळ्यात भराभर चढतात आणि पंप सुरू झाले की तेवढ्याच भराभर उतरतात. पातळी चढली म्हणजे भरपूर पाणी आले, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो. शिवाय जमिनीखाली बांध नसतात. एका विहिरीतून उपसलेले पाणी शेजारच्या विहिरीकडचेही असू शकते.

मग शाळेने काय करावे? साहित्य अगदी थोडे लागते. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक करता येतो. तळ वाकडा असल्याने सरळ भागापर्यंत आधी पाणी भरावे आणि तेथे शून्याची खूण करावी. मोजणी रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला करावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सूत्र पुरे. विहिरीसाठी गाठी मारलेली दोरी आणि वजन लागते. आठवड्यातून एकदा, पंप सुरू होण्यापूर्वी, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. दोरी मोठ्या माणसाने सोडावी आणि मुलांनी आकडा टिपावा. कठडा नसलेली विहीर घेऊच नये. वर्षभराचे दोन आलेख एकाखाली एक काढले की पाऊस आणि विहीर यांचे नाते मुलांना स्वतःच दिसू लागते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कायमच्या निरीक्षण विहिरी सुमारे चार हजार आहेत, आणि गावे चाळीस हजारांहून अधिक. तेव्हा शाळेची ही वही केवळ गुणांपुरती राहणार नाही.

यावर शिक्षक दोन आक्षेप घेतील. पहिला वेळेचा. आठवड्याला अर्धा तास लागतो. तो घोषणांच्या तक्त्यांतून सहज निघेल. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आकडे निघाले की कोणाचा पंप किती चालतो, कोणाच्या शेतात ऊस आहे, हेही निघते, आणि ती मंडळी अनेकदा शाळेच्याच समितीवर असतात. शिक्षकाला गावात राहायचे असते. म्हणून व्यक्तींची नावे न घेता साऱ्या गावाची बेरीज मांडावी. एवढा पाऊस पडला, एवढी पातळी चढली, एवढी उतरली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हेच केले. तेथे पाऊस आणि विहिरी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, त्यावरून पिके ठरतात, आणि सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी आहे. बंधारे तर पुष्कळ गावांनी बांधले. हिवरे बाजारचे वेगळेपण असे की, त्या गावाने मोजलेला आकडा मानला.

प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही आपली फूटपट्टी बदलावी. देखाव्यापेक्षा नोंदवहीला अधिक गुण द्यावेत. ‘आमचा अंदाज चुकला, पातळी वाढली नाही, कारण असे असावे’ असे लिहिणाऱ्या मुलांना मागे सारू नये. त्यांनी प्रयोग केला आहे. यंदा पहिला पाऊस पडण्यापूर्वी एका विहिरीची निवड करा, कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि पहिला आकडा वहीत लिहा.