गुलाबी रंग खोटा नसतो

तोरणमाळचा यशवंत तलाव, त्यावर उभी आकाशगंगा, आजूबाजूला जांभळे-गुलाबी ढग. अशा फोटोखाली दोनच प्रतिक्रिया येतात: ‘कमाल!’ किंवा ‘फोटोशॉप!’ मला दोन्ही आळशी वाटतात. आकाशाचा फोटो हीसुद्धा एक रचना आहे. कवितेसारखीच तिची समीक्षा करता येते, फक्त कसोट्या माहीत हव्यात.

पहिली कसोटी रंगाची. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक अंधुक ठिपका आहे, तो मृगातला तेजोमेघ. नुसत्या डोळ्यांना राखाडी, फोटोत गुलाबी. मग फोटो खोटा? नाही. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, एवढंच. तिथला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, ऑक्सिजन ५०१ चा हिरवट. याच तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास १८९१ साली पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतून कावसजी नायगमवाला यांनी केला होता. म्हणजे रंग तिथे आहेच. गंमत अशी की साध्या कॅमेऱ्यातलं फिल्टर तो लाल प्रकाश बराचसा अडवतं. त्यामुळे अशा कॅमेऱ्यातून फिकट गुलाबी आला, तर मी विश्वास ठेवतो. रक्तासारखा लाल आला, तर छायाचित्रकाराला विचारतो.

दुसरी कसोटी वेळेची. साधा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, साधा ट्रायपॉड. पृथ्वी फिरते, म्हणून सहा-सात सेकंदांपलीकडे तारे ओघळायला लागतात. उपाय एकच, सहा सेकंदांचे ४०० फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरनं एकावर एक रचायचे. चाळीस मिनिटांचा प्रकाश जमा होतो आणि दाणेदारपणा सुमारे विसाव्या हिश्श्यावर येतो. ही फसवणूक नव्हे, चिकाटी आहे. १८९४ साली बार्नर्डनं मृगाभोवतीचं अंधुक कडं टिपलं, तेसुद्धा जादूच्या कंदिलाचं स्वस्त भिंग लावून. डोळ्याला ते दिसत नाही, पण आहे.

तिसरी कसोटी जागेची, आणि खोटेपणा बहुतेकदा इथे सापडतो. आकाशगंगेचा केंद्रभाग तोरणमाळहून दक्षिणेला चाळीसेक अंशांवर चढत नाही. तो थेट डोक्यावर दाखवला असेल, तर आकाश दुसरीकडून आणलंय. धनु आणि मृग एका चौकटीत दिसले, तर जोडकाम नक्की, कारण एक उगवतो तेव्हा दुसरा मावळतीला असतो. जोडकामालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती न सांगण्याला. ‘आकाश आणि तलाव वेगवेगळ्या वेळी टिपले’ एवढी एक ओळ पुरते.

‘एवढं काय त्यात, फोटो सुंदर आहे ना?’ असं कुणी म्हणेल. पण इथे प्रश्न नुसत्या सौंदर्याचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातलं पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. अशी ओळख सुंदर फोटोंवर मिळत नाही, काळोख मोजून दाखवावा लागतो. साडेअकराशे मीटर उंचीवरच्या तोरणमाळसाठी उद्या कुणी तसा आग्रह धरला, तर हातात काय असेल? शहरातल्या खोलीत बसून रंगवलेली आकाशगंगा दिव्यांच्या झगमगाटातही तितकीच चमकते. काळोख संपला तरी ती बदलणार नाही, म्हणून काळोखाबद्दल ती काहीच सांगत नाही.

खरा फोटो मात्र बदलतो. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच ४०० फोटो, तीच अमावास्या; दहा वर्षांनी मृगाभोवतीचं कडं दिसेनासं झालं, तर उजेड कुठून आला हे विचारता येईल. त्यासाठी फोटोखाली तारीख, जागा, सेकंद आणि संख्या लिहिलेली हवी. मी आता लाइक करण्याआधी ती ओळ शोधतो. तुम्हीही शोधा, आणि नसेल तर मागा.