बोलींचीं नांवें व बोलणारांचा कान : ग्रियर्सनकृत भाषापाहणीच्या सातव्या खंडाचें परीक्षण

१. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानांतील भाषांची जी सरकारी पाहणी झाली, तिचा सातवा खंड १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. हा खंड मराठीस वाहिलेला असून त्याची जुळवणी नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनीं केली. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज करण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वाचक करतील. उत्तर असें कीं, या ग्रंथानें बोलींस दिलेलीं नांवें आमच्या लेखनांत इतकीं मुरलीं आहेत कीं, हस्तलिखितांची यादी करणारा संग्राहक एखाद्या पोथीवर ‘भाषा वऱ्हाडी’ किंवा ‘भाषा कोंकणी वळणाची’ असा शेरा मारतो, तेव्हां तो नकळत याच ग्रंथाचा आधार घेत असतो. तो आधार किती भक्कम आहे हें पाहणें, ज्यांचा सर्व व्यवहार जुन्या कागदांशीं आहे त्यांचें कर्तव्य होय.

२. प्रथम गुण सांगणें न्यायाचें. पाहणीची पद्धति एकसारखी होती. प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागविले जात : बायबलांतील उधळ्या पुत्राच्या कथेचें भाषांतर, त्या त्या ठिकाणचें एखादें स्वतंत्र कथन अथवा गीत, आणि २४१ शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी. एकच मजकूर सर्वत्र घेतल्यामुळें विभक्तिप्रत्यय, क्रियापदांचीं रूपें व सर्वनामें यांची तुलना सुलभ झाली. वऱ्हाड-नागपुराकडे ‘ळ’ च्या जागीं ‘य’ येतो व ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो, आगरी बोलींत ‘ण’ चा ‘न’ व ‘ळ’ चा ‘ल’ होतो, दक्षिण कोंकणांत चतुर्थीचा ‘क’ प्रत्यय चालतो, अशा गोष्टी ज्यास एकत्र ताडून पहावयाच्या आहेत, त्याला हा खंड अद्याप टाळतां येत नाहीं. शिवाय कोंकणी वगळतां मराठीच्या इतर बोली हे स्थानिक पालट आहेत, त्या एकमेकींत हळूहळू मिसळत जातात, हें मत त्यांत स्पष्ट मांडलें आहे.

३. आतां दोष. पहिला दोष क्षेत्राचा. मद्रास इलाखा, हैदराबाद संस्थान व म्हैसूर संस्थान हे प्रदेश पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळें गोदावरीच्या दोन्ही तीरांचा फार मोठा भाग, पैठण, आपेगांव, आंबेजोगाई, नांदेड हीं स्थळें ज्यांत येतात तो मराठवाडा, प्रत्यक्ष तपासला गेला नाहीं. बोलणारांची संख्या खानेसुमारीवरून घेतली गेली इतकेंच. तंजावरची मराठी, जिचे कागद व ग्रंथ सरस्वतीमहालांत विपुल आहेत, तीहि याच कारणानें सुटली. ज्या भूमींत मराठीचे आद्य ग्रंथ निर्माण झाले तिचा आवाज ज्या पाहणींत नाहीं, तिच्यावरून जुन्या पोथ्यांचें स्थलनिदान करणें म्हणजे मधलें पान गहाळ झालेल्या पोथीवरून कथेचा निवाडा करणें होय.

४. दुसरा दोष लेखणीचा. नमुने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत आले व ते कागदावर लिहून आले. बोलणारा कुणबी किंवा कोळी असला तरी लिहिणारा साक्षर होता, आणि साक्षराचा कान शाळेंत तयार झालेला होता. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें. तेव्हांपासून पाहणीच्या काळापर्यंत दोन पिढ्या शुद्ध मराठी कोणती हें पुस्तकांतून शिकत आल्या होत्या. अशा लेखकाच्या हातून दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, ऐकलेलें रूप त्याला अशुद्ध वाटून तें तो सुधारतो. दुसरी, ही बोली आहे, ती वेगळी दिसलीच पाहिजे, या समजुतीनें वेगळेपण तो वाढवून लिहितो. दोन्ही चुका एकाच नमुन्यांत शेजारीं शेजारीं असूं शकतात. पुढें १९१३ पासून कांहीं प्रांतांत ध्वनिमुद्रिका घेतल्या गेल्या, यावरून लेखी नमुन्याची उणीव पाहणी करणारांसहि जाणवली होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु सातवा खंड त्यापूर्वींच बाहेर पडला होता.

५. तिसरा दोष नांवांचा, आणि आमच्या मतें मुख्य तोच. प्रभूंची बोली, कोळी, किरिस्तांव, कुणबी, आगरी, धनगरी, भंडारी, ठाकरी, कऱ्हाडी, संगमेश्वरी, बाणकोटी, घाटी. तिकडे मध्यप्रांतांत कोष्टी, कुंभारी, गोवारी. अशी नामावळी या खंडांत आहे. हीं नांवें बहुतेक जातींचीं किंवा गांवांचीं आहेत. जात वेगळी म्हणजे बोली वेगळी असें नाहीं, हें खुद्द संपादकांनीं ठिकठिकाणीं कबूल केलें आहे. पण नांव एकदां मथळ्यांत बसलें म्हणजे कबुली मागें राहते व मथळा पुढें चालतो.

६. या नांवांचा उगम कोठें, हें पाहिलें असतां एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ‘घाटी’ हा शब्द घाटावरचा मनुष्य स्वतःविषयीं वापरीत नाहीं. तो घाटाखालच्या माणसाच्या तोंडीं असतो. उलट घाटावर ‘कोंकण्या’ हा शब्द त्याच चालीनें फिरतो. म्हणजे बोलीचें नांव बहुधा शेजाऱ्यापाशीं असतें. मनुष्याला स्वतःच्या बोलण्यांत हेल ऐकूं येत नाहीं. हेल नेहमीं दुसऱ्याचा असतो. गोमंतकांत हाच प्रकार सतराव्या शतकांत दिसतो. फादर स्टीफन्स यांचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापलें, त्यांत तेथील भाषेस पोर्तुगीजांच्या वहिवाटीचें ‘कानारी’ हें नांव आहे. पण त्याच स्टीफन्सनीं १६१६ सालीं छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणाच्या गद्य प्रस्तावनेंत भाषा मराठी असल्याचें सांगून, शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळणार नाहीं म्हणून ब्राह्मणांच्या भाषेंतील सोपे शब्द मिसळल्याचें नमूद केलें आहे. एकाच ग्रंथकाराच्या नांवावर, एकाच भूमींतील बोलण्यास दोन नांवें; एक बाहेरून आलेलें, दुसरें आंतल्या व्यवहारांतलें. संपादकानें यांपैकीं कोणतें प्रमाण धरावें, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

७. ग्रियर्सनसाहेबांना ही अडचण ठाऊक होती. पाहणीच्या प्रास्ताविक खंडांत (१९२७) ते म्हणतात त्याचा आशय असा : सामान्य खेडुताला आपण नांव असलेली एखादी भाषा बोलतों याची जाणीवच नसते, पंचवीस कोसांवरच्या लोकांच्या भाषेचें नांव तो सांगेल, पण आपल्या भाषेचें सांगतां येणार नाहीं. यासाठीं त्यांनीं मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या, जन्मभर गद्य बोलूनहि तें गद्य आहे हें न जाणणाऱ्या, पात्राचा दाखला दिला आहे. निरीक्षण मार्मिक आहे. परंतु त्यांतून निघणारा, या लोकांना स्वतःच्या भाषेविषयीं विचारच नाहीं, हा ध्वनि आम्हांस मान्य नाहीं. नांव नसणें व जाणीव नसणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

८. याला पुरावा आमच्याच पोथ्यांत आहे. महानुभावांच्या आचारप्रकरणावरील जुन्या टीकेंत ‘महाराष्ट्र’ शब्दाचा अर्थ करतांना टीकाकारानें देशाचीं मंडळें पाडलीं आहेत : फलटणापासून दक्षिणेस मराठी चालते तो एक भाग, त्याच्या उत्तरेस बालाघाटाच्या शेवटापर्यंत दुसरा, मग गोदावरीचीं दोन्ही तीरें, त्यापुढें मेहकराच्या घाटापर्यंतचा प्रदेश, आणि त्यापलीकडे वऱ्हाड. या मंडळांत भाषेचा थोडथोडा पालट होतो, तरी सर्व मिळून महाराष्ट्रच, असा त्याचा निर्णय आहे. हा उतारा महाराष्ट्राच्या सीमांसाठीं अनेकांनीं वापरला. बोलींच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व पुरतें ओळखलें गेलेलें नाहीं. टीकाकार बोलींस नांवें देत नाहीं, जातींचा उल्लेख करीत नाहीं. घाट व नदी यांनीं तो भेद दाखवितो, आणि भेद दाखवितांना कोणासहि कमी लेखीत नाहीं. सरकारी पाहणीच्या कितीएक शतकें आधीं केलेली ही पाहणी आहे. आणि सरकारी पाहणींतून सुटलेलीं गोदातीरें येथें मध्यभागीं आहेत, हेंहि ध्यानांत ठेवावें.

९. मग आपली बोली अशुद्ध, ही भावना आली कोठून? जुने लेखनिक ग्रंथसमाप्तीस परंपरेनें लिहीत कीं, जशी प्रत पाहिली तशी उतरविली. शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊं नये. तेथें शुद्धाशुद्धता ही प्रतीची असे, माणसाची नसे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्धि केली तीहि पाठाची. शाळा, परीक्षा व नोकरी यांच्या काळांत हा शब्द पाठावरून उचलला जाऊन बोलणाऱ्याच्या जिभेवर बसला. तेव्हांपासून ‘पानी’ म्हणणारा मनुष्य घरांत निःशंक बोलतो, पण परक्यासमोर आपल्या बोलण्याची क्षमा मागतो. या लाजेचा परिणाम आंकड्यांवरहि होतो. खानदेशी अथवा अहिराणी ही सदर पाहणीनें मराठीच्या खंडांत न घालतां नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत (१९०७) भिल्ल बोलींबरोबर घातली. २०११ च्या जनगणनेंत ‘खानदेशी’ लिहविणारे १८ लाखांहून अधिक भरले. त्याच प्रदेशांत मातृभाषा मराठी लिहविणारेहि मोठ्या संख्येनें आहेत. घरीं अहिराणी बोलणाऱ्यानें कोणतें नांव लिहवावें हें व्याकरण ठरवीत नाहीं. त्याला स्वतःच्या बोलण्याविषयीं काय वाटतें तें ठरवितें. कोंकणीचा १९९२ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत समावेश झाला, तोहि बोलणारांनीं नांवाचा आग्रह धरला म्हणून. सातव्या खंडानें तिला मराठीची पोटभाषा म्हटलें होतें. तात्पर्य, भाषा कीं बोली या वादांत बोलणाऱ्याची साक्ष वगळून भागत नाहीं.

१०. आतां हस्तलिखितांकडे वळूं. बोलीचा उच्चार कागदावर कितपत उतरतो, याच्या मर्यादा प्रथम ओळखल्या पाहिजेत. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः पाळलेला नसतो. छापतांना संपादक जे ऱ्हस्व-दीर्घ घालतो ते त्याच्या स्वतःच्या शाळेचे असतात, लेखकाच्या जिभेचे नव्हेत. ‘चार’ मधील व ‘चाक’ मधील चकार वेगळे असूनहि बाळबोध व मोडी दोन्हींत अक्षर एकच. सबब हेल, स्वरांची लांबी व चकाराचे दोन उच्चार यांविषयीं या कागदांस प्रश्न विचारूंच नयेत. याउलट ‘ण’ व ‘न’, ‘ळ’ व ‘ल’ अथवा ‘य’, प्रत्यय व सर्वनामांचीं रूपें यांविषयीं कागद साक्ष देऊं शकतो. पण ही साक्ष नेमकी त्याच ठिकाणीं असते, जेथें संपादक ‘लेखकप्रमाद’ म्हणून मजकूर दुरुस्त करतो.

११. एका जातीच्या चुकीकडे विशेष लक्ष द्यावें. ज्याच्या बोलण्यांत ‘ण’ नाहीं, तो लिहितांना कधीं ‘पानी’ लिहील. पण कधीं भीतीनें ‘मन’ च्या जागीं ‘मण’ हि लिहील. पहिली चूक त्याचा उच्चार दाखविते. दुसरी चूक, जिला अतिशुद्धि म्हणतां येईल, ती त्याहून अधिक सांगते : आपला उच्चार हलका मानला जातो हें लेखकास ठाऊक होतें व तो सांवरून घेऊं पाहत होता. एकाच हाताच्या कागदांत दोन्ही प्रकार वारंवार आढळले तर त्या माणसाचा स्वतःच्या बोलीविषयींचा समज आपल्यास मिळाला. ग्रियर्सनच्या पाहणीनें जो प्रश्न खेडुतास विचारून सोडून दिला, त्याचें उत्तर असें कागदांत दडलेलें असूं शकतें. मात्र एकट्यादुकट्या चुकीवरून अनुमान करूं नये. मजकूर सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, नक्कल करणारा तिसरा आणि कागद सांपडण्याचें ठिकाण चौथेंच, असें पुष्कळदां असतें. कोंकणांतला कारकून देशावर चाकरीस जाई व त्याची लेखणी त्याजबरोबर जाई.

१२. यावरून संग्राहकांस व संपादकांस आमच्या चार सूचना आहेत. कागद अक्षरशः छापावा. दुरुस्ती करावयाची ती टीपेंत करावी. यादींत ‘भाषा अमुक बोली’ असा शेरा न मारतां, सांपडण्याचें ठिकाण, लेखकाचें नांव-गांव व विशेष रूपें हीं निरनिराळीं नोंदवावीं. जातीवरून बोली अनुमानूं नये. आणि तुलनेसाठीं केवळ १९०५ च्या खंडावर विसंबूं नये, डॉ. घाटगे यांनीं १९६३ पासून सिद्ध केलेले कुडाळी इत्यादि बोलींचे स्वतंत्र अभ्यास, गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्रविषयक खंड (२०१३), आणि डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनीं ध्वनिमुद्रणासह केलेलें बोलींचें सर्वेक्षण, हीं जवळ ठेवावीं. या नव्या साधनांत मराठवाड्याचा आवाज आहे आणि बोलणारा स्वतः बोलतो.

१३. एकंदरींत सातवा खंड हा व्याकरणाच्या रूपांचा उत्तम कोश आहे. बोलींच्या नांवांचा प्रमाणग्रंथ तो नव्हे, व बोलणाऱ्यांच्या मनाचा तर नव्हेच. त्या मनाचा शोध ज्यास घ्यावयाचा आहे त्यानें दप्तरांतील तथाकथित अशुद्ध कागद प्रथम उघडावे. प्रतिष्ठित घराण्यांचे सुवाच्य कागद पुष्कळ छापले गेले; गांवच्या पाटील-कुळकर्ण्यांचे कतबे, कुणब्यांच्या तक्रारी, बायकांनीं सांगून लिहविलेलीं पत्रें हीं मात्र ‘भाषा भ्रष्ट’ म्हणून रुमालांत बांधून ठेवण्याचा प्रघात आहे. ते रुमाल कसर खात असतां त्यांतील साक्ष दरसाल कमी होत आहे. कागद संपला म्हणजे त्या उच्चाराचा दुसरा साक्षीदार उभा करतां येणार नाहीं.